फेफरेकरी मुलाचे घर आणि आपली मंडळी

शास्त्रपाठ : मार्क ९:१४-२९, मत्तय ४:२३-२५, योहान ६:१-१३



२०११ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बेळगाव भागातील एका लहान मराठी मंडळीत त्या रविवारी उपदेशाची पाळी माझ्याकडे होती. दुसरे गीत चालू असता स्त्रियांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून एक विचित्र आवाज आला आणि चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी बाक व भिंत यांच्यामधल्या जागेत कोसळली. हातपाय ताठ झाले, मग झटके येऊ लागले, तोंडाला फेस आला. पुढच्या दोन मिनिटांत आम्ही सर्वांनी मिळून जे केले ते आठवले की आजही मान खाली जाते. एकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. एकाने किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला. एका वडीलजनांनी दातखीळ उघडावी म्हणून चमचा घातला, त्याने तिचा पुढचा दात तुटला. आणि मी, धर्मशिक्षणाचा डिप्लोमा घेतलेला उपदेशक, व्यासपीठावरून मोठ्याने दुरात्म्याला धमकावू लागलो.

झटके आपोआप थांबले. ते बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबतातच. पण मंडळीला वाटले, प्रार्थनेने थांबले. आणि मलाही तसे वाटून घेणे गोड लागले. पुढच्या रविवारी तिच्या आईने साक्ष दिली. मंडळीत लहानथोर त्यांना मावशी म्हणत. उपासना संपल्यावर दारात हात जोडून त्या मला म्हणाल्या की, आता गोळ्या बंद केल्या आहेत. ‘गोळ्या चालू ठेवा’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. बंद करा असेही मी म्हटले नव्हते, आणि या फरकावर मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालीत असे. तेराव्या दिवशी ती मुलगी भाकरी करता करता चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत आणि गालाची एक बाजू भाजली.

मार्काच्या नवव्या अध्यायातील शास्त्रभाग मी त्याआधी निदान दहा वेळा शिकवला असेन. त्या मुलीला भाजल्याच्या वॉर्डात पाहून आल्यावर तो पुन्हा उघडला, तेव्हा ज्या गोष्टी पूर्वी दिसल्या नव्हत्या त्या दिसू लागल्या.

पहिली ही की, प्रभु येशू डोंगरावरून खाली येतो तेव्हा तेथे वाद चाललेला आहे. शास्त्री आणि शिष्य भांडत आहेत, भोवती लोकसमुदाय जमला आहे, आणि ज्याच्यावरून वाद पेटला तो मुलगा कोठे उभा आहे याचे कोणाला भान नाही. वाद कशाविषयी आहे असे प्रभू विचारतो, तेव्हा उत्तर शास्त्री देत नाहीत, शिष्यही देत नाहीत. गर्दीतून मुलाचा बाप बोलतो.

दुसरी गोष्ट अशी की, मुलगा पायाशी पडून तडफडत असताना प्रभू बापाला एक साधा प्रश्न विचारतो : याला असे किती दिवसांपासून होते? कोणताही चांगला डॉक्टर पहिल्याने हेच विचारील. आम्ही त्या रविवारी मावशींना हे विचारले नव्हते. खरे तर त्या मंडळीत तिसऱ्या पिढीच्या होत्या आणि मुलीला सहाव्या वर्षापासून फिट येत होत्या, हे आमच्यापैकी चौघांनाही ठाऊक नव्हते.

बापाच्या उत्तरात विस्तव व पाणी यांचा उल्लेख आहे. हे केवळ बोलण्याच्या ओघात आलेले शब्द नव्हेत. फेफऱ्याच्या रोग्याला या दोहोंपासून आजही धोका असतो : चूल, स्टोव्ह, उकळत्या पाण्याचे घंगाळ, आणि विहीर, नदी, आतून कडी लावलेली न्हाणी. बापाने कितीदा तरी धावत जाऊन त्याला ओढून काढले असेल. म्हणूनच पुढच्या वाक्यात तो मदत मागतो ती ‘याला’ म्हणून मागत नाही, ‘आम्हांला’ म्हणून मागतो. दयाही तो ‘आम्हांवर’ करा असे म्हणतो. मत्तयाने हीच हकीकत सांगताना बाप आपल्या मुलापुरते बोलतो; मार्काने मात्र हे अनेकवचन जपून ठेवले आहे. मुलाला फेफरे येते, पण आजारी सबंध घर असते. रात्री दोनदा उठून अंथरूण चाचपणारी आई, लग्नाला एकत्र न जाता आळीपाळीने जाणारे आईबाप, शाळेतून लवकर घरी बोलावली जाणारी धाकटी बहीण, ही सर्व त्या ‘आम्हां’मध्ये येतात. आपल्या मंडळ्यांनी मदतीचा विचार करावयाचा तो या शब्दापासून, असे मला वाटते.

येथे कोणी विचारील की, मार्क तर दुरात्म्याविषयी बोलतो, मग डॉक्टर कशाला? वाचकांनी मत्तय ४:२४ काढून पाहावे. लोकांनी प्रभूकडे आणलेल्या दुखणेकऱ्यांची तेथे यादी आहे, आणि तीत भूतग्रस्त वेगळे व फेफरेकरी वेगळे असे नोंदले आहेत. फेफरेकरी म्हटले की भूतग्रस्त असे शुभवर्तमानकारच मानत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चंद्राची बाधा झालेला’ असा आहे. चंद्राच्या कलांबरोबर हा रोग चढतो-उतरतो अशी त्या काळची समजूत होती आणि लोकांच्या बोलीतला तो शब्द मत्तयाने वापरला. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेचा धागा या रोगाला आजही जोडतात. त्याच ग्रीक लोकांत, ख्रिस्तापूर्वी ४०० च्या सुमारास, हिप्पोक्रातीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकग्रंथांपैकी एकात असेही लिहून ठेवले आहे की, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, आणि त्याचे मूळ मेंदूत आहे.

आज वैद्यकशास्त्र तेच अधिक नेमकेपणे सांगते. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींशी बोलत असतात. काही कारणाने पुष्कळ पेशी एकदम आणि एकाच वेळी बोलू लागल्या की झटका येतो. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडणे, मेंदूचा ज्वर, डोक्याला मार, पक्षाघात ही काही कारणे होत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आपल्या देशात आणखी एक कारण वारंवार आढळते : फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ होणे. न धुतलेली कच्ची भाजी व अस्वच्छ हात यांतून ती जातात. त्यामुळे जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. फेफरे स्पर्शाने, उष्ट्याने वा तोंडाच्या फेसाने मात्र कोणाला लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्या देशात अशी माणसे १ कोटीहून अधिक आहेत. नीट निदान व औषध मिळाले तर शंभरातल्या सत्तरांचे झटके पूर्ण थांबू शकतात. औषधेही नवी नाहीत : फेनोबार्बिटोनचा या रोगावरील उपयोग १९१२ पासून माहीत आहे, आणि ते आजही स्वस्त आहे. अडचण बहुधा गोळीच्या किमतीची नसते. गोळी रोज, वर्षानुवर्षे, ठरल्या वेळी घ्यावी लागते, आणि बरे वाटू लागले की घर ती थांबवते. अचानक थांबवलेली गोळी न सुरू केलेल्या गोळीपेक्षा घातक ठरू शकते; एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. गोळी कधी कमी करावयाची हे डॉक्टरनेच ठरवावयाचे असते, आणि तेही सहसा दोन-तीन वर्षे एकही झटका न आल्यावर. यावर माझे मत मी आता व्यासपीठावरून उघड सांगतो : ज्याने आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्याने तो हात उचलण्याआधी ‘गोळी घेतली का?’ असे विचारावे.

फेफरे येणारी पुष्कळ माणसे बुद्धीने इतरांसारखीच असतात. शिक्षक, कारकून, सुतार, गृहिणी असतात. परंतु ज्या मुलांची वाढ जन्मापासून मागे पडली आहे, ज्यांना बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता आहे, त्यांच्यांत फेफऱ्याचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते, कारण दोहोंचे मूळ एकाच मेंदूत असते. अशा घरावर दुहेरी ओझे पडते. आणि नेमकी हीच मुले पूर्वी कोणाला नको असत. शाळा म्हणे फिट येतात म्हणून नको, दवाखाना म्हणे मंद आहे म्हणून नको.

या ‘कोणाला नको’ मधूनच एका मोठ्या कार्याचा जन्म झाला. त्याची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतात बीलेफेल्ड नावाचे गाव आहे. १८६७ साली तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या सेवाकार्याने गावाबाहेरचे एक शेतघर घेतले आणि मोजक्या फेफरेकरी मुलांना तेथे ठेवले. कल्पना अगदीच नवी नव्हती. फ्रान्समध्ये ला फोर्स गावी जॉन बोस्त नावाच्या पाळकाने १८४८ पासून अशा नकोशा लोकांसाठी एकामागून एक घरे उघडली होती, आणि फेफरेकरी मुलांच्या घराला त्याने ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले होते. बीलेफेल्डच्या कामालाही पुढे तेच नाव पडले.

१८७२ मध्ये त्या कामावर फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग हा पाळक आला. तीन वर्षांपूर्वी, १८६९ च्या जानेवारीत, डांग्या खोकल्याने त्याची चारही मुले पंधरवड्याच्या आत दगावली होती. ज्या आईबापांची मुले आजारी आहेत त्यांच्याशी तो कोणत्या अंतःकरणाने बोलत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

त्याच्या हाताखाली ते शेतघर वाढून एक वसाहत झाली. मोठी बराक बांधून तीत शेकडो लोक कोंबण्याऐवजी अनेक घरे असावीत आणि प्रत्येक घराला एक गृहपिता व एक गृहमाता असावी, अशी रीत पडली. सेवा करण्यासाठी सारफथ नावाचे भगिनींचे गृह १८६९ मध्येच निघाले होते. १८७७ मध्ये नासरेथ नावाचे सेवकबंधूंचे गृह निघाले. त्या काळी औषध म्हणून ब्रोमाइडच काय ते हाताशी होते, आणि त्याने झटके थोडे कमी होत एवढेच. म्हणून बोडेलश्विंगचा भर दुसऱ्या गोष्टीवर होता : प्रत्येकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम हवे. शेती होती, कारखाने होते. ज्याला दिवसातून चार वेळा फिट येते त्याने करवत चालवू नये हे खरे, पण म्हणून त्याने भिंतीकडे पाहत बसावे असेही नाही.

यातले एक काम मला फार आवडते. १८८८ पासून बेथेलमध्ये वापरलेली टपाल तिकिटे गोळा करतात. देशभरातून लोक पाकिटांवरची तिकिटे कापून पाठवतात. अपंग माणसे ती सोडवतात, निवडतात, लावतात आणि ती संग्राहकांना विकली जातात. ते काम टिकून आहे. १८९० च्या सुमारास जुने कपडे व घरातल्या टाकाऊ वस्तू गोळा करण्याचेही काम निघाले. त्याला दिलेले नाव योहानाच्या सहाव्या अध्यायातून घेतले आहे, जेथे पाच हजारांचे भोजन झाल्यावर प्रभू उरलेले तुकडे गोळा करावयास सांगतो, काही फुकट जाऊ नये म्हणून. हा शास्त्रभाग शिकवताना आपण भाकरी व मासे यांपाशी फार वेळ थांबतो आणि टोपल्यांपाशी पोहोचेपर्यंत तास संपतो.

पण बेथेलची हकीकत नुसती कौतुकाने सांगितली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल.

१४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने एक कायदा केला. ज्यांचे आजार आनुवंशिक ठरतील त्यांची सक्तीने नसबंदी करावी, असा तो कायदा होता. त्याच्या यादीत आनुवंशिक फेफरे व जन्मजात मतिमंदत्व या दोहोंची नावे होती. १९३४ पासून तो लागू झाला. बेथेलने त्याला विरोध केला नाही. देवाच्या घराच्या रुग्णालयातच हजारावर माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर १९४० मध्ये बर्लिनहून छापील अर्ज आले : प्रत्येक रोग्याचे नाव, आजार, किती वर्षे आहे, काम करू शकतो की नाही. या माहितीवरून कोणाला जगू द्यावयाचे आणि कोणाला विषारी वायूने मारावयाचे हे ठरत होते. तोवर थोरल्या बोडेलश्विंगला जाऊन तीस वर्षे झाली होती आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा बेथेलचा प्रमुख होता. या वेळी त्याने अर्ज भरून देण्यास नकार दिला. त्याचा सहकारी पाळक पॉल गेरहार्ट ब्राउने याने गावोगावच्या आश्रमांतून माणसे कशी नाहीशी होत आहेत याची माहिती जमवली, जुलै १९४० मध्ये सरकारला लेखी निवेदन दिले, आणि ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत त्या योजनेत देशभरात ७० हजारांवर आजारी व अपंग माणसे मारली गेली. बेथेलचे बहुतेक लोक वाचले, सर्व नव्हे. तेथील यहूदी रोग्यांना सप्टेंबर १९४० मध्ये नेण्यात आले आणि ते ठार मारले गेले.

हा इतिहास वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळतो. इतकी प्रेमाने बांधलेली वसाहत, तिने १९३३ मध्ये मान का तुकवली आणि १९४० मध्ये ताठ का केली? पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. एक अंश मात्र दिसतो. नसबंदीच्या कागदावर ‘आजार’ होता. १९४० चा अर्ज भरताना गृहपित्याला आणि गृहमातेला एकेकाचे नाव लिहावे लागणार होते, आणि त्या नावाच्या माणसाबरोबर त्यांनी सकाळी न्याहारी केली होती.

वसाहतीची आणखी एक बाजू आपल्याला परकी नाही. मिरज, कोठारा अशा ठिकाणच्या कुष्ठरोग्यांच्या कार्यामुळे ती आपल्या लोकांनी जवळून पाहिली आहे. ज्याला गाव हाकलून देतो त्याला आश्रम आसरा देतो, हे मोठेच काम झाले. पण आश्रम झाला की गावाचीही सोय होते : आपल्या दारातले दुखणे दूर गेले, वर्षातून एकदा फळे वाटून आले की झाले. बेथेलनेही पुढे हे ओळखले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून तेथील पुष्कळ लोक मोठ्या इमारतींतून निघून साध्या वस्तीतल्या साध्या घरांत, शेजाऱ्यांमध्ये राहू लागले आणि मदतीला माणूस त्यांच्या घरी येऊ लागला. आज ती युरोपातील सर्वांत मोठ्या ख्रिस्ती सेवासंस्थांपैकी एक आहे.

आपल्या मंडळीत साठ घरे. आपण वसाहत उभारू शकत नाही, आणि मघाशी सांगितलेल्या कारणास्तव उभारण्याची आवश्यकताही नाही. आपल्याजवळ रोगी आधीच शेजाऱ्यांमध्ये राहतो आहे. उणीव असते ती शेजाऱ्यांची.

त्या भाजण्यानंतर आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही. मावशींना महिन्यातून एकदा गोळ्यांसाठी सिव्हिल हॉस्पिटलला जावे लागे आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. मंडळीतल्या एका निवृत्त पोस्टमननी ते काम आपणहून घेतले. कार्ड घेऊन जाणे, रांगेत उभे राहणे, गोळ्या मोजून आणणे. ते वारल्यावर तरुण संघाने पाळी लावली, आणि ती दोनदा चुकलीही. स्त्रियांच्या संघाने मावशींच्या घरी कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधवला आणि न्हाणीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. एका घरात बोलता न येणारा, चालता न येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, त्यालाही झटके येतात. त्याची आई सात वर्षे उपासनेला आली नव्हती. आता दर रविवारी कोणीतरी एक जण त्याच्याजवळ दोन तास बसतो आणि ती येते. पहिल्या रविवारी ती संपूर्ण उपदेशभर झोपली. उपदेश माझाच होता. मी राग मानला नाही.

सरकारी मदत पुष्कळ आहे, पण ती मागणारा माणूस लागतो. लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते आणि वाढ मागे पडलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. हे जितके लवकर तितके बरे. ‘त्याचे मामाही उशिरा बोलले’ असे म्हणण्यात दोन मोलाची वर्षे जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. नुसते फेफरे त्यांत नाही, पण बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आहेत. तेव्हा दोन्ही असलेल्या मुलाच्या आईबापांनी दाखला जरूर काढावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा मुलांसाठी ‘निरामय’ नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आणि आईबापांना रात्री झोपू न देणारा जो प्रश्न, ‘आमच्यामागे याचे कोण?’, त्यासाठी अठरा वर्षांवरील मुलाला कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय त्याच कायद्यात, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत आहे. मंडळीत एखादा तरी कारकुनी अनुभवाचा भाऊ असतोच. त्याची संध्याकाळ या कागदांना द्यावी.

लग्नाविषयी दोन शब्द, कारण येथे आपण ख्रिस्ती लोकही फार लपवाछपवी करतो. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत फेफऱ्यासंबंधीची अट होती, ती १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्या १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ती नव्हतीच. तेव्हा कायद्याचा अडथळा नाही. अडथळा मधल्या माणसांचा आहे. मुलीला ‘लग्न होईपर्यंत गोळ्या कोणाला दाखवू नकोस’ असे सांगतात. ती सासरी आठवडाभर गोळी घेत नाही, जागरणे होतात, फिट येते, आणि मग फसवणुकीचा आरोप होतो. स्थळ ठरवताना आधीच सांगावे. नकार येतील, पण होकार येईल तो गोळीसकट येईल. आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरला विचारावे, कारण काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात व बदलून मिळतात. आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांशी थोडे बोलतो. वर्गात मूल पडले तर प्रथम घड्याळ पाहा. बाके बाजूला सारा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचे बटण सोडा, आणि शक्य होताच त्याला कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर वाहील. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. जीभ गिळली जात नसते. चप्पल, कांदा, लोखंड यांनी काही होत नाही, झालाच तर अपमान होतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, शुद्धीवर न येता दुसरा आला, मार लागला, किंवा मुलाला हे आयुष्यात प्रथमच होत असेल तर ताबडतोब दवाखान्यात न्या. थांबल्यावर मूल गोंधळलेले व झोपाळू असते. कपडे ओले झाले असतील तर कोणाच्या ध्यानात येण्याआधी अंगावर शाल टाका. एक शिक्षक जवळ बसून राहावा, बाकीच्यांनी गीत चालू ठेवावे.

सर्वच फिट पडण्याच्या नसतात. एखादे मूल सुवर्णवचन म्हणता म्हणता मध्येच थांबते, दहा सेकंद शून्यात पाहते, पापण्या फडफडतात, आणि पुन्हा पुढे म्हणू लागते. आपण त्याला ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून रागावतो. असे वारंवार दिसले तर आईबापांना एकांतात सांगा, तपासणी करून घेऊ द्या.

चुलीवर पडलेली ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि आमच्या शब्बाथशाळेत बालवर्ग घेते. वर्षातून एखादा झटका अजून येतो, म्हणून वर्गात तिच्याबरोबर नेहमी दुसरी शिक्षिका असते. त्या चमच्याची, त्या दारातल्या बोलण्याची क्षमा मी तिच्याकडे मागितली तेव्हा ती म्हणाली, “काका, मी पडलेली मला कुठं दिसते? मी उठल्यावर तुम्हा सगळ्यांची तोंडं दिसतात, तेवढीच.”

गेल्या वर्षी मुलांच्या रविवारी मार्क नववा अध्याय नाट्यरूपाने सादर करावयाचे ठरले. पूर्वी आमच्याकडे हा प्रवेश होई तेव्हा सर्वांत खोडकर मुलाला फेफरेकऱ्याची भूमिका देत. तो जमिनीवर लोळे, साबणाचा फेस काढी, आणि सारी मंडळी हसे. त्या हसण्यात ती कोठे बसलेली असे हे मी कधी पाहिले नव्हते. या वेळी प्रवेश तिने बसवला. शास्त्री होते, शिष्य होते, मोठा वाद होता. मुलाची भूमिका कोणालाच दिली नव्हती, मध्यभागी एक चटई अंथरली होती तेवढीच. बापाचे काम करणारा मुलगा नऊ वर्षांचा होता. किती दिवसांपासून असे होते, हा प्रश्न आल्यावर तो आपले वाक्य विसरला. जरा वेळ चटईकडे पाहत उभा राहिला आणि मग म्हणाला, “लई दिवस झाले. तुम्ही आजच विचारलं.”